चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि १५ तारखेला विंडोज १० ची यंत्रं नेहमीसारखी सुरू झाली. बिलं छापली गेली, टॅलीत नोंदी झाल्या, मुलांनी गेम खेळले. त्यामुळे ज्यांनी बातमी वाचली होती, त्यांनाही ती कंपनीची नवा माल खपवायची युक्ती वाटली. हा संशय अगदीच बिनबुडाचा नाही. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा ही विंडोजची शेवटची आवृत्ती, असं मायक्रोसॉफ्टच्याच एका प्रतिनिधीनं जाहीर परिषदेत सांगितलं होतं. सहा वर्षांनी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, अकरावं विंडोज आलं आणि येताना अशा अटी घेऊन आलं की धडधाकट यंत्रंही नापास झाली. ग्राहकानं चिडावं असंच हे वागणं आहे.

पण चिडून निर्णय होत नाही, आणि ‘चालतंय ना’ एवढ्यावरही होत नाही. ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली म्हणून झिजत नाही, गंजत नाही. सपोर्ट संपला म्हणजे संपते ती एकच गोष्ट: दर महिन्याची दुरुस्ती. मायक्रोसॉफ्ट प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेचे अपडेट सोडतं. आपल्याकडे तेव्हा रात्र असते. म्हणूनच बुधवारी सकाळी, नेमकं गिऱ्हाईक समोर उभं असताना, यंत्र ‘अपडेट चालू आहे, बंद करू नका’ म्हणत अडून बसतं. लोकांना या अपडेटचा राग का येतो ते समजण्यासारखं आहे. मात्र त्यात असतं काय, ते फारसं कुणी पाहत नाही.

अपडेट बाहेर पडलं की ते दोन प्रकारचे लोक उघडतात. एक आपण, आणि दुसरे ज्यांना त्यातून भोक शोधायचं आहे ते. दुरुस्तीपूर्वीची फाइल आणि दुरुस्तीनंतरची फाइल शेजारीशेजारी ठेवून नेमका कुठला भाग बदलला हे शोधून काढणं हा सुरक्षा संशोधकांचा आणि गुन्हेगारांचा, दोघांचाही रोजचा उद्योग आहे. बदललेला भाग सापडला की मूळ चूक काय होती ते उमगतं आणि तिचा फायदा घेणारा प्रोग्राम लिहिता येतो. आता यात जुन्या यंत्राचं काय होतं पाहा. विंडोज ११ चा गाभा बराचसा विंडोज १० वरूनच आलेला आहे. अकराव्यात बुजवलेली चूक पुष्कळदा दहाव्यातही असते आणि तिथे ती तशीच राहते. एखाद्या कंपनीनं आपल्या कुलुपातला दोष नव्या गिऱ्हाइकांना दुरुस्त करून द्यावा आणि तो दोष कोणता हे वर्तमानपत्रात छापावं, तशी जुन्या कुलूपवाल्यांची गत होते. सपोर्ट संपल्यानंतर धोका जागच्या जागी थांबत नाही, दर महिन्याला त्यात भर पडत जाते.

हे कल्पनेतलं नाही. २०१७ सालचा घटनाक्रम सगळ्या जगानं पाहिला. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका चुकीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चला सोडली. त्या चुकीचा वापर करणारं, अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेकडचं हत्यार १४ एप्रिलला ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या टोळीनं इंटरनेटवर टाकलं. १२ मेला तीच चूक वापरणारा, फाइली अडकवून खंडणी मागणारा ‘वॉनाक्राय’ हा उपद्रव पसरला. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. आपल्याकडे केरळातल्या काही ग्रामपंचायतींच्या संगणकांवर खंडणीची पाटी झळकली. विंडोज एक्सपीचा सपोर्ट तर ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता, त्यामुळे त्या यंत्रांना मार्चची दुरुस्ती मिळालीच नव्हती. हल्ला झाल्यावर दुसऱ्या दिवशी कंपनीनं अपवाद म्हणून एक्सपीसाठीही अपडेट काढलं. चोरी होऊन गेल्यावर.

या हकिगतीची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. वॉनाक्रायच्या तावडीत सापडलेली बहुसंख्य यंत्रं एक्सपीची नव्हती, विंडोज ७ ची होती. विंडोज ७ ला तेव्हा सपोर्ट होता आणि दुरुस्ती दोन महिने आधीच येऊन पडली होती. ती कुणी बसवलीच नव्हती. असेंबल केलेला संगणक घरी जोडून देणारा माणूस ‘अपडेट बंद करून टाकतो, म्हणजे त्रास नको’ असं म्हणून जातो, आणि ही त्याची जादा सेवा आहे असं आपण समजतो. वर विंडोज चोरीचं असेल आणि ते ‘ॲक्टिव्हेट’ करायला कुठूनतरी उतरवलेला प्रोग्राम चालवलेला असेल, तर मग विंडोज दहावं की अकरावं या चर्चेला अर्थच उरत नाही. तेव्हा निर्णयाला बसण्याआधी स्वतःच्या यंत्राची खरी अवस्था पाहून घ्या. विंडोजचं बटण दाबून ‘आर’ दाबा आणि येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत winver असं टाइप करा, आवृत्ती दिसेल. विंडोज १० असेल आणि तिथे २२एच२ नसेल, तर ते यंत्र ऑक्टोबर २०२५ च्या आधीपासूनच मागे पडलेलं आहे.

वॉनाक्रायच्याच वर्षी, २०१७ मध्ये, जूनच्या २७ तारखेला ‘नॉटपेट्या’ आलं आणि मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातलं, मर्स्क समूहाकडे असलेलं टर्मिनल ठप्प झालं. कंटेनर कुठला, कुणाचा, कुठे न्यायचा हे सांगणारी यंत्रणाच गेली होती. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निघालेला हा उपद्रव. जिथे तो शिरला तिथे त्याने चोरलेल्या पासवर्डच्या जोरावर अपडेट केलेली यंत्रंही गाठली. म्हणजे नवं विंडोज घेतलं की निश्चिंत, असंही नाही. हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे, कारण अपग्रेड विकणारे ते सांगत नाहीत.

मग ठरवायचं कसं? यंत्र किती जुनं आहे यापेक्षा ते काय काम करतं आणि बाहेरच्या जगाशी कसं जोडलेलं आहे, तिथून सुरुवात करावी.

मराठी छपाईच्या धंद्यातलं एक यंत्र घेऊ. विंडोज एक्सपी किंवा ७, त्यावर पेजमेकर, सोबत श्रीलिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम, आणि मागच्या पोर्टात खोचलेलं डोंगल, म्हणजे ज्याच्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही ती किल्ली. पेजमेकरची सातवी आणि शेवटची आवृत्ती २००१ मधली. त्या यंत्राच्या डिस्कवर लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत वर्षानुवर्षांचं काम पडून आहे, आणि ते युनिकोडमध्ये नाही. जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण रफार, जोडाक्षरं आणि ‘वाऱ्या’तला अर्धा र यांत ते घोळ घालतात. त्यामुळे बदललेल्या प्रत्येक पानाचं प्रूफ नव्यानं वाचावं लागतं. शिवाय ऑपरेटरची बोटं त्या जुन्या कीबोर्डवर बसलेली. त्यानं मान वर न करता पान लावायचं, ते नव्या मांडणीवर लगेच कसं होणार?

असं यंत्र विंडोज ११ वर न्यायचं म्हटलं की गाडी डोंगलपाशी अडते. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये मिळतं. ६४ बिट विंडोजवर ३२ बिटचे प्रोग्राम चालतात, पण ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही, आणि डॉसच्या काळातले १६ बिट प्रोग्राम तर उघडतही नाहीत. डोंगलचा ६४ बिट ड्रायव्हर निर्मात्यानं काढला असेल तर ठीक. नसेल तर विकत घेतलेलं सॉफ्टवेअर जागच्या जागी मुकं होतं. फॉक्सप्रोत कुणीतरी लिहून दिलेलं दुकानाचं बिलिंग, पॅथॉलॉजी लॅबमधल्या रक्ततपासणीच्या यंत्राला जोडलेला संगणक, एमआयडीसीतल्या सीएनसीशेजारचा संगणक, सगळ्यांची हीच कथा. अशा यंत्राचं विंडोज बदलू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी त्याची नेटची वायर काढा. वायफाय असेल तर तेही बंद करा. तयार पान पीडीएफ करून पेन ड्राइव्हनं दुसऱ्या, अद्ययावत यंत्रावर न्यायचं आणि ईमेल तिथूनच करायची. गिऱ्हाइकानं आणलेला पेन ड्राइव्ह मात्र थेट या यंत्रात लावायचा नाही. आधी दुसऱ्या यंत्रावर तपासायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे विंडोजसकट जशीच्या तशी नक्कल, काढून ठेवायची. जुन्या यंत्राला व्हायरसपेक्षा वयाचा धोका जास्त असतो. हार्ड डिस्क एक दिवस उठत नाही, आणि एक्सपीची सीडी तोवर कुठल्या कपाटात गेली ते कुणालाच आठवत नसतं. ज्याला जमेल त्यानं नव्या संगणकाच्या आत व्हर्च्युअल मशीन करून त्यात एक्सपी बसवून पाहावं. यूएसबी डोंगल तिथे पुष्कळदा ओळखलं जातं. प्रिंटर पोर्टातल्या जुन्या डोंगलची आशा धरू नये.

याच्या अगदी उलट टोकाला पैशाचं यंत्र आहे. जीएसटी, नेटबँकिंग, ई-टेंडर, डिजिटल सहीचं टोकन, सेतू केंद्रातले लोकांचे दाखले आणि आधारचे तपशील. हे काम सपोर्ट संपलेल्या विंडोजवर करू नये. अँटिव्हायरस आहे, हे उत्तर पुरेसं नाही. विंडोज १० वरच्या डिफेंडरला नव्या व्हायरसांची ओळख ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे, पण अँटिव्हायरस ओळखीच्या उपद्रवाला पकडतो, विंडोजमधली चूक दुरुस्त करत नाही. ब्राउझरही कायम साथ देत नाही. क्रोमनं २०२३ च्या सुरुवातीला १०९ या आवृत्तीनंतर विंडोज ७ आणि ८.१ ला सोडलं; दहाव्यावरही ती वेळ कधीतरी येणार.

बँकांनाही हा धडा सहज पटला नव्हता. एक्सपीचा सपोर्ट संपून चार वर्षं झाली तरी देशातली कितीतरी एटीएम एक्सपीवरच चालत होती. शेवटी २१ जून २०१८ ला रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढून मुदत घातली: सप्टेंबरपर्यंत किमान २५ टक्के, डिसेंबरपर्यंत ५० टक्के, मार्च २०१९ पर्यंत ७५ टक्के आणि जूनपर्यंत सगळी एटीएम चालू सपोर्टच्या सिस्टीमवर. टप्पे पाडण्याची ही पद्धत दहा-पंधरा संगणकांच्या कार्यालयानंही उचलावी. आधी एक यंत्र बदलावं, त्यावर महिनाभर रोजचं काम करून पाहावं, मग बाकीच्यांना हात घालावा.

घरचा संगणक या दोन टोकांच्या मधला, आणि बहुतेक वाचकांचा प्रश्न त्याच्याचबद्दल असणार. त्याच्यासाठी मुदतवाढीची सोय आहे. ‘एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स’ या योजनेत वैयक्तिक विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेटिंग्जचा बॅकअप ठेवला तर फुकट, नाहीतर कंपनीचे एक हजार रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. कंपन्यांना हीच सोय तीन वर्षं मिळू शकते, पण पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. दर असे चढते ठेवण्यामागचा हेतू लपवलेलाही नाही. मुदतवाढ घ्यावी, जरूर घ्यावी, मात्र ती विचार करायला मिळालेला वेळ म्हणूनच.

त्या वेळात पहिली तपासणी यंत्राच्या लायकीची. विंडोज ११ च्या कागदावरच्या अटी साध्या दिसतात: ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट, टीपीएम २.०, आणि मान्य यादीतला प्रोसेसर. गाळले जातात ते शेवटच्या दोन अटींवर. टीपीएम म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या किल्ल्या वेगळ्या जपून ठेवणारी सोय, म्हणजे लॅपटॉपमधली डिस्क काढून दुसरीकडे लावली तरी माहिती वाचता येऊ नये. गंमत अशी की पुष्कळ यंत्रांत ती असते आणि बायोसमध्ये बंद पडलेली असते. इंटेलच्या बोर्डवर ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डवर ‘एफटीपीएम’ या नावाखाली ती सापडते. सुरू केली की काल नापास झालेलं यंत्र आज पास होतं. नवा संगणक घ्या असं कुणी सांगितलं, तर आधी हे करून पाहा.

प्रोसेसरच्या बाबतीत मात्र असा मार्ग नाही. इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. सातव्या पिढीतले मोजके अपवाद सोडले तर त्याआधीचे सगळे बाहेर. पिढी ओळखणं सोपं आहे. आय-फाइव्ह ७४०० सातव्या पिढीचा, आय-फाइव्ह ८४०० आठव्या, आय-थ्री १०१०० दहाव्या. नुसतं ‘आय-फाइव्ह’ हे स्टिकर काहीच सांगत नाही. लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत जुने ऑफिस-संगणक ‘आय-फाइव्ह, विंडोज ११ टाकून’ विकले जातात, त्यातल्या कित्येकांत यादीबाहेरच्या प्रोसेसरवर तपासणीला बगल देऊन विंडोज बसवलेलं असतं. ते चालतं, आज अपडेटही घेतं. पण अशा यंत्रांना अपडेटचा हक्क नाही असं मायक्रोसॉफ्टनं लिहून ठेवलं आहे आणि वर्षाची मोठी आवृत्ती त्यांच्यावर आपोआप येत नाही. २४एच२ या आवृत्तीनं तर प्रोसेसरमध्ये अशी एक सूचना असण्याची सक्ती केली, की कोअर टू ड्युओच्या काळातली यंत्रं सुरूच होईनात. छंद म्हणून ही बगल ठीक आहे. दुकानाच्या हिशेबाच्या यंत्रावर नको.

पास होणारं पण मंद यंत्र असेल तर आधी एसएसडी बसवा. फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज ११ अक्षरशः रांगतं, आणि कागदावर ४ जीबी लिहिलेली रॅम प्रत्यक्षात ८ जीबी लागते.

नापास झालेलं यंत्र भंगारात घालायची मात्र घाई नको. लिनक्स मिंट फुकट आहे, त्याच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे, आणि ब्राउझर, व्हिडिओ, पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास एवढं काम ते जुन्या यंत्रावर झकास करतं. इनस्क्रिप्टनं मराठी टाइप करायची सोय त्यात आहेच. श्रीलिपी, टॅली, डिजिटल सहीची टोकनं यांच्या वाट्याला मात्र लिनक्सवर खटपट येते. ज्याचं पोट या गोष्टींवर आहे त्यानं तिकडे जाऊ नये.

समजा सगळं जुळलं आणि अपग्रेड करायचं ठरलं. तरी आधी एक जुना अनुभव लक्षात ठेवा. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं एक मोठं अपडेट आलं आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधल्या फाइली पुसून गेल्या. कंपनीला ते वितरण काही दिवसांतच थांबवावं लागलं आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा सोडावं लागलं. तेव्हा बॅकअप वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क यंत्रापासून काढून ठेवलेली. डिस्क बिटलॉकरनं, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या कुलुपानं, बंद असेल तर तिची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. बायोसमध्ये टीपीएमला हात लावला की यंत्र पहिली तीच मागतं. जुन्या वर्ड फाइली उघडल्यावर मराठी मजकुराची पानं सरकलेली दिसली तर घाबरू नका. विंडोज १० पासून ‘मंगल’ फॉन्ट आपोआप येत नाही, ऐच्छिक सोयींच्या यादीतून ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ घ्यावे लागतात.

अपग्रेड झाल्यावर जुन्या विंडोजवर परत जायचा पर्याय दहा दिवस शिल्लक असतो. त्या दहा दिवसांत प्रिंटर, स्कॅनर, डोंगल, सहीचं टोकन, बारकोड यंत्र एकेक लावून बघा, आणि जागा मोकळी करण्यासाठी डिस्क क्लीनअप चालवू नका. जुनं विंडोज ज्या फोल्डरात जपलेलं असतं तो फोल्डर त्यात उडू शकतो आणि परतीचा पर्यायही जातो. आणि हिशेबाचं यंत्र असेल तर मार्चअखेरीला किंवा जीएसटी रिटर्नच्या तारखेच्या तोंडावर हे काम कृपा करून काढू नका.